‘अपात्र’ शेऱ्यानंतर मॅटमध्ये : आमचा अनुभव आणि अभिप्राय

मार्च २०२३ मध्ये माझ्या धाकट्या भावाला पत्र आलं. विषय, संदर्भ आणि सही सोडली तर त्यात एकच वाक्य होतं : ‘आपला चारित्र्य पडताळणी अहवाल समाधानकारक नसल्याने आपणांस नियुक्तीसाठी अपात्र ठरविण्यात येत आहे.’ लेखी परीक्षा झाली होती, कागदपत्र पडताळणी झाली होती, निवड यादीत सातवं नाव होतं, वैद्यकीय तपासणीही झाली होती. आईने गावात पेढे वाटले होते.

खात्याचं नाव मी लिहिणार नाही. राज्य सरकारचं खातं आणि कनिष्ठ लिपिकाचं पद, एवढं पुरे. मला अभिप्राय द्यायचा आहे तो महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाविषयी, म्हणजे सरकारी नोकरीच्या तक्रारी ऐकणाऱ्या ज्या कोर्टाला सगळे ‘मॅट’ म्हणतात त्याविषयी. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या कानावर हा शब्द असतो, पण तो ‘मॅटने भरतीला स्थगिती दिली’ असल्या बातम्यांमुळे. एकट्या उमेदवाराला, ज्याची अजून नेमणूकच झालेली नाही त्यालाही, तिथे जाता येतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मला तर मुळीच नव्हतं. मी बार्शीत ब्लाउज शिवते, बारावीनंतर शिकलेले नाही. कायद्याचं जे काही खाली लिहिलंय ते या एका फाइलीमागे फिरून शिकलेलं आहे.

आधी केस सांगते, कारण सगळं तिथेच अडलं होतं.

मे २०१८ मध्ये आमच्या आणि चुलत्यांच्या रानामधल्या बांधावरून भांडण झालं. नांगरटीत बांध कोरला असं आमचं म्हणणं, तुम्हीच दगड सरकवले असं त्यांचं. भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेला. आरडाओरडा ऐकून तो रानात पळाला आणि अण्णांना मागे ओढू लागला, एवढाच त्याचा त्यात भाग. पण फिर्यादीत घरातल्या सगळ्यांची नावं घालतात तशी चौघांची घातली. भारतीय दंड संहितेची कलमं ४४७, ३२३, ५०४, ५०६ आणि ३४, म्हणजे दुसऱ्याच्या रानात घुसणं, मारहाण, शिवीगाळ, धमकी, आणि हे सगळं मिळून करणं. पुढच्या वर्षी लोकअदालतीत तडजोड झाली. मोजणी आणायची आणि निघेल ती हद्द दोघांनी मानायची, असं ठरलं. त्या दिवशी कोर्टाच्या आवारात चुलतीने माझ्या आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं. आज आमच्या घरातलं कोणतंही कार्य त्यांच्याशिवाय होत नाही.

निवड झाल्यावर भावाला साक्षांकन नमुना भरायला दिला. त्यात रकाना असतो : तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का? त्याच्या अ‍ॅकॅडमीतल्या दोघातिघांनी सांगितलं, मिटलेली केस आहे, ‘नाही’ लिहून मोकळा हो. त्याने मला फोन केला. मी म्हणाले, खरं आहे ते लिही. त्याने ‘होय’ लिहिलं, गुन्हा क्रमांक लिहिला, कलमं लिहिली आणि लोकअदालतीच्या आदेशाची साक्षांकित प्रत जोडली. म्हणून ते एका ओळीचं पत्र आलं तेव्हा त्याच्यापेक्षा मलाच जास्त लागलं. तो काही बोलला नाही. पत्राची घडी केली, सामान्य ज्ञानाच्या नोट्समध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णांबरोबर रानात जायला लागला.

मी खात्याच्या कार्यालयात गेले. सकाळी साडेदहापासून दुपारी तीनपर्यंत बाकावर बसले. शेवटी ज्यांच्याकडे पाठवलं त्यांनी फाइलही उघडली नाही. म्हणाले, “ताई, सुनावणी कर्मचाऱ्याला असते. उमेदवाराला नसते. तुमचा भाऊ अजून आमचा माणूसच नाही.”

हे वाक्य मी बरेच दिवस उराशी घेऊन फिरले. त्यात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त फसवतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ मध्ये चौकशी आणि म्हणणं मांडायची संधी यांची जी हमी आहे, ती नोकरीत असलेल्याला काढायचं असेल तेव्हाची. उमेदवार त्यात बसत नाही. निवड यादीत नाव आलं म्हणजे नेमणुकीचा पक्का हक्क मिळाला असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये शंकरसन दास यांच्या खटल्यात तसं सांगितलेलं आहे. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की याचा अर्थ सरकारने मनमानी करावी असा होत नाही. नेमणूक द्यायची नसेल तर त्यामागे प्रामाणिक आणि योग्य कारण लागतं. बाकावर बसलेल्या माणसाला हा दुसरा भाग कोणी सांगत नाही.

दुकानात येणाऱ्या एका शिक्षिकेने मला आधी माहितीचा अधिकार वापरायला सांगितलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज केला : माझ्या भावाच्या पडताळणीचा अहवाल आणि त्याच्या फाइलीवरच्या टिपण्या द्या. (अर्ज भावाच्या सहीने गेला, कारण माहिती त्याची होती. दुसऱ्याच्या नावाने केला तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारतात.) तीस दिवस संपायच्या आत उत्तर आलं, दोन रुपये पानाप्रमाणे अकरा पानांचे बावीस रुपये भरले. पोलिसांच्या अहवालात सरळ लिहिलं होतं : गुन्हा दाखल, लोकअदालतीत तडजोडीने निकाली, सध्या काही प्रलंबित नाही. त्याखाली खात्याची टिपणी : ‘गुन्हा दाखल असल्याचे दिसून येते. अपात्र करावे.’ त्याखाली तीन सह्या. गुन्हा कसला, तेव्हा मुलगा किती वर्षांचा होता, त्याने स्वतःहून सांगितलं होतं की लपवलं होतं, यातलं एक अक्षर त्या अकरा पानांत नव्हतं. ज्याने निर्णय घेतला त्याने कधी भावाचा चेहराही पाहिला नव्हता.

ती पानं घेऊन मी सोलापुरातल्या एका वकिलांकडे गेले. त्यांनी मुंबईत फक्त मॅटची कामं करणाऱ्या एका वकीलबाईंचा नंबर दिला, आणि तिथून खरी सुरुवात झाली.

मॅट आहे १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याखाली. महाराष्ट्रात ते १९९१ पासून चालतं. मुख्य पीठ मुंबईत, आणि खंडपीठं नागपूर व छत्रपती संभाजीनगरला. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत कायद्याचं कलम १५ दाखवलं. राज्याच्या सेवेत असलेल्यांच्या तक्रारींच्या आधी तिथे पहिला शब्द ‘भरती’ आहे, भरती आणि भरतीशी निगडित बाबी. म्हणजे ‘अजून आमचा माणूसच नाही’ असं ज्याला सांगितलं, त्याच्यासाठीही हे दार कायद्यानेच उघडं ठेवलेलं आहे. मी ते कलम तीनदा वाचून घेतलं. दुसरं, आदेश मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आम्ही चौथ्या महिन्यात होतो. तिसरं, आधी खात्यातले उपाय संपवून या असं सर्वसाधारणपणे म्हणतात, पण इथे उमेदवाराला अपिलाची तरतूदच नव्हती, त्यामुळे थेट जाता आलं. आणि चौथं, अर्जदाराला स्वतः उभं राहून बाजू मांडता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. आम्ही लावला. बाईंनी पंचवीस हजार फी सांगितली आणि तीन हप्ते करून दिले.

तारखांना आम्ही कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जायचो. रात्री बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, स्टेशनवरच तोंड धुवायचं. पहिल्या वेळी भाऊ इस्त्रीचा शर्ट पिशवीत घेऊन आला होता आणि उतरल्यावर बदलून आला. सुनावणीत त्याला कोणी काही विचारणार नव्हतं, हे बाईंनी सांगितलं होतं. तरी त्याने तो शर्ट आणला.

सरकारच्या बाजूने तिथे सादरकर्ता अधिकारी असतात. आमच्याकडे जसे सरकारी वकील, तसे. पहिल्या तारखेला आमची एकच मागणी होती की निकाल लागेपर्यंत एक जागा भरू नये. प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला एकदा नेमणूक मिळाली की प्रश्न दोन घरांचा होतो, आणि त्या मुलाचा तर काहीच दोष नसतो. दोन्ही बाजू ऐकून एक पद रिक्त ठेवण्याचा अंतरिम आदेश मिळाला. हे काम दहा-बारा मिनिटांत झालं. चार महिने ज्यांना आम्ही दिसतच नव्हतो, त्यांच्या माणसाला त्या दहा मिनिटांत उभं राहून आमच्या अर्जाला उत्तर द्यावं लागलं. भावाने जिना उतरताना मला एवढंच विचारलं, “ताई, आपला परिच्छेद पाच त्यांनी वाचला होता ना?” परिच्छेद पाचमध्ये लोकअदालतीचं होतं. त्यांनी वाचला होता. पीठासमोर तो मोठ्याने वाचला गेला होता.

मग खात्याचं प्रतिज्ञापत्र आलं, आणि त्यात अचानक नवी कारणं आली. पदाला आर्थिक व्यवहार हाताळावे लागतात, उमेदवाराची वृत्ती भांडखोर दिसते, कार्यालयाची शिस्त बिघडेल. यातलं काहीही मूळ पत्रात नव्हतं, टिपणीतही नव्हतं. यावर वकीलबाईंनी जो मुद्दा मांडला तो मी जन्मभर विसरणार नाही, कारण तो आपल्या मुंबईतून निघालेला आहे. अंधेरीत चित्रपटगृह बांधायला गोरधनदास भानजी नावाच्या गृहस्थांना परवानगी मिळाली होती. ती मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९५१ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की सरकारी आदेशाचा अर्थ त्या आदेशातल्या शब्दांवरूनच लावायचा. तो काढणाऱ्याच्या मनात काय होतं हे त्याने नंतर येऊन सांगायचं नाही. १९७७ मध्ये मोहिंदरसिंग गिल यांच्या खटल्यात न्यायालयाने हीच गोष्ट आणखी पक्की केली : आदेशात जे कारण दिलंय तेच टिकवायचं, प्रतिज्ञापत्रातून नवी कारणं मागाहून जोडायची नाहीत. अंधेरीतल्या एका थिएटरच्या भांडणाने सत्तर वर्षांनी माझ्या भावाच्या हातात काहीतरी दिलं.

खुद्द चारित्र्य पडताळणीवरचा मोठा निकाल २०१६ चा आहे, अवतारसिंग विरुद्ध भारत सरकार, तीन न्यायमूर्तींचा. भरतीतल्या प्रत्येक पोराने त्याचा सारांश तरी कोणाकडून समजून घ्यावा. त्यात उमेदवाराने माहिती खरीच दिली पाहिजे असं बजावलंय. नमुन्यातला प्रश्न स्पष्ट असला पाहिजे, मोघम प्रश्नावरून ‘लपवलं’ म्हणता येणार नाही, असंही म्हटलंय. तरुणपणातल्या किरकोळ प्रकरणाकडे खातं कानाडोळा करू शकतं, हेही आहे. पण खरं सांगितलं म्हणून नेमणूक द्यायलाच हवी असं नाही, पूर्वचरित्र तपासायचा हक्क खात्याला राहतो, हेही त्यातच आहे. बाईंनी आम्हाला कडू भागही लपवला नाही. १९९६ मध्ये दिल्ली पोलिसांतल्या एका उमेदवाराची केस सुटलेली असूनही त्याला नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवलं होतं. २०११ मध्ये त्याच दिल्ली पोलिसांच्या दुसऱ्या उमेदवाराला मात्र, भांडणाची केस तडजोडीने मिटलेली असताना, दिलासा दिला. म्हणजे निकाल दोन्हीकडचे आहेत. ते पाहून मला उलट धीर आला. ज्या प्रश्नावर देशाचं मोठं न्यायालय एकेका माणसाची हकीकत बघून वेगवेगळं ठरवतं, तो प्रश्न एका कार्यालयाने हकीकत न ऐकता तीन सह्यांत संपवावा, हे कसं चालेल?

इथे जरा बाजूला जाऊन एक सांगते. माझ्या शेजारणीच्या मुलीचं जात पडताळणीचं प्रकरण त्याच सुमारास चालू होतं. तिला रीतसर नोटीस आली, दक्षता पथकाचा अहवाल हातात दिला, त्यावर खुलासा मागितला, समितीपुढे बोलावलं. हे सगळं १९९४ च्या माधुरी पाटील निकालामुळे, जो आपल्याच महाराष्ट्रातल्या एका मुलीच्या प्रकरणातून आला. जातीच्या दाखल्याबद्दल शंका असेल तर आधी कागद दाखवतात, मग विचारतात. त्याच पोरांच्या चारित्र्याबद्दल मात्र आमच्या खात्याने न दाखवता, न विचारता ठरवून टाकलं. एखाद्याला ‘तुझं चारित्र्य समाधानकारक नाही’ असं लिहून देणं हे जातीच्या शंकेपेक्षा हलकं आहे का? आमच्या अण्णांनी ते पत्र वाचून आठ दिवस पारावर जाणं सोडलं होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला. अपात्रतेचं पत्र रद्द. कारण दिलेलं नाही आणि म्हणणं ऐकलेलं नाही म्हणून. खात्याने आठ आठवड्यांत उमेदवाराला प्रत्यक्ष ऐकून कारणांसह नवा आदेश काढावा, तोवर ते पद रिक्त राहील. नीट वाचा : नेमणूक द्या असं मॅटने म्हटलं नाही. भाऊ आधी खचलाच. म्हणाला, “परत त्यांच्याच दारात?” बाई म्हणाल्या, “हो, पण या वेळी खुर्ची द्यावी लागेल.”

एप्रिलमध्ये त्याला बोलावलं. मी बाहेर बसले होते, त्याच बाकावर. आत तो पंचवीस मिनिटं होता. सुनावणी घेणारे अधिकारी नवे बदलून आलेले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “वाद किती जमिनीचा होता?” भाऊ म्हणाला, “साहेब, दीड फुटाचा.” मग त्यांनी मोजणीचं काय झालं विचारलं, चुलते आता बोलतात का विचारलं. भावाने चुलत्यांचं हस्तलिखित पत्र पुढे केलं. चुलत्यांनी ते स्वतःहून दिलं होतं, मी मागायच्या आधी. हा सगळा मजकूर एक वर्ष आधी मिळाला असता. एक फोन, एक नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, एवढाच खर्च होता.

आदेश जूनमध्ये आला, चार पानी. त्यात गुन्ह्याचं स्वरूप, तेव्हाचं वय, स्वतःहून दिलेली माहिती, आणि कायद्याने तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो, हे सगळं होतं. पात्र. जुलैत तो हजर झाला.

तर माझ्याकडून मॅटला पाचपैकी चार. कायद्यातच लिहिलंय की हे न्यायाधिकरण दिवाणी कोर्टाच्या काथ्याकुटात न अडकता नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांनी चालेल, आणि आम्हाला ते तसंच दिसलं. प्रत्येक तारखेला काय झालं ते आम्हाला कळत होतं. निकालात आमची बाजू आम्ही सांगितली तशीच उतरली होती. एक गुण कमी ठेवते तो रचनेसाठी : एवढ्या मोठ्या राज्याला तीनच ठिकाणं, आणि ज्याच्याकडे रेल्वेचं तिकीट व वकिलाचा पहिला हप्ता नाही त्याला हे दार असून दिसत नाही. आणि हे ध्यानात ठेवा की मॅटचा निकाल विरोधात गेला तरी तिथे संपत नाही. १९९७ च्या चंद्रकुमार निकालापासून त्यावर उच्च न्यायालयात जाता येतं. फक्त खात्यालाही जाता येतं. आमचं खातं गेलं नाही.

जे आत्ता त्या पत्राची घडी घालून बसलेत त्यांना माझं सांगणं : पत्राचं पाकीट फेकू नका, त्यावरची तारीख लागते. माहिती अधिकाराचा अर्ज त्याच आठवड्यात करा. साक्षांकन नमुना भरून देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. आम्ही काढला होता, आणि ‘उमेदवाराने आदेशाची प्रत जोडली नव्हती’ हे खात्याचं एक वाक्य त्या फोटोमुळेच मागे घेतलं गेलं. आणि वर्षाची मुदत मोजायला लागा, निवेदनं देत बसून ती घालवू नका.

भावाचं एक काम अजून शिल्लक आहे. त्याच यादीतली मुलं त्याच्या सव्वा वर्ष आधी लागली, आणि ज्येष्ठता यादीत तो सगळ्यांच्या खाली आहे. त्याने १० नोव्हेंबरला निवेदन दिलंय, पोच शिक्क्यासह माझ्या दुकानातल्या खणात आहे. उत्तराची वाट पाहायचे सहा महिने १० मेला पूर्ण होतात. तोवर उत्तर आलं नाही तर सिद्धेश्वरची तिकिटं काढायची, असं आमचं ठरलेलं आहे.